मीठ, पाणी आणि मनगटातली झणझण



गेल्या अंकातला माझा पायांच्या जखमांवरचा लेख वाचून तीन-चार जणींचे फोन आले. त्यातल्या दोघींच्या घरी नुकतंच डायलिसिस सुरू झालं आहे, एकीच्या नवऱ्याला आणि एकीच्या भावाला. दोघींचा प्रश्न एकच. “बाई, ह्यांना पाणी किती द्यायचं? डॉक्टर म्हणतात कमी द्या. हे म्हणतात जीव जातोय तहानेनं. आम्ही कुणाचं ऐकायचं?”

फोनवर मी जमेल तसं सांगितलं, पण समाधान झालं नाही. तिचंही नाही आणि माझंही नाही. म्हणून हा लेख. मी १९६९ साली, एकोणीस वर्षांची असताना मुंबईहून इस्रायलला आले. इथे नर्सिंग शिकले आणि पुढची बरीच वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात काढली. पण ह्या विषयातलं मला जे खरं कळलं ते वॉर्डात नव्हे, घरात कळलं. २००८ साली आमच्या ह्यांचंच डायलिसिस सुरू झालं आणि २०१९ साली ते गेले. ती अकरा वर्षं मी नर्सही होते आणि बायकोही, आणि दोन्हीकडे चुकले. त्यातली एक चूक इथे लिहिणार आहे. मन धजत नव्हतं, पण लिहिते.

आधी थोडी शाळा. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं परत रक्तात घेतात. तुम्ही कलिंगड खा, सूप प्या, उन्हात घाम गाळा, हिशेब त्यांच्याकडे. मूत्रपिंडं बंद पडली की हिशेब ठेवणारा कोणी उरत नाही. लघवी हळूहळू कमी होते, काहींची पार थांबते. मग प्यालेलं पाणी जाणार कुठे? पायांत, पोटात, डोळ्यांखाली, शेवटी फुप्फुसांत. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास मशीन ते ओढून काढतं. म्हणजे मूत्रपिंडं जे काम १६८ तास करत होती ते मशीनला १२ तासांत उरकायचं असतं. मशीन चांगलं आहे हो, पण घाई ती घाईच.

त्यासाठी वॉर्डात एक आकडा असतो. हिब्रूत त्याला ‘मिश्काल यावेश’ म्हणतात, म्हणजे कोरडं वजन. अंगात जादा पाणी नाही, ब्लड प्रेशर ठीक आहे, श्वास मोकळा आहे, अशा वेळचं वजन. पेशंट आला की काट्यावर उभा राहतो. कोरडं वजन ६४ असेल आणि काटा ६६ दाखवत असेल तर दोन लिटर पाणी जमलं आहे. एक किलो म्हणजे एक लिटर, इतकं सोपं. दोन दिवसांत माणूस दोन किलो चरबीने वाढत नाही.

आम्ही १९८० च्या सुमारास काम करत होतो तेव्हा हे सोपं नव्हतं. किती पाणी ओढलं जातंय ते तेव्हाची मशीनं नीट मोजत नसत. दाब बघून आम्ही अंदाज बांधायचो आणि मधूनमधून पेशंटचं वजन करायचो. शिवाय तेव्हा मशीनच्या पाण्यात अ‍ॅसिटेट असे, त्यानं कित्येकांचं प्रेशर पडायचं आणि उलट्या व्हायच्या. एका हातात उलटीचं भांडं आणि दुसऱ्या हातात प्रेशरचा पट्टा, अशी आमची संध्याकाळ जायची. आता बायकार्बोनेट आलं, मशीनं मिलिलिटर मोजतात, तरी माणसाची तहान कोणी मोजत नाही.

आता ती तहान.

तीस वर्षं मी पेशंटना एकच वाक्य ऐकवत होते, “पाणी कमी प्या.” काटा वर गेलेला दिसला की रागावायचे सुद्धा. किती प्यालात, केव्हा प्यालात, का प्यालात. माणसं खाली मान घालून ऐकून घ्यायची. पुढच्या वेळी काटा तिथेच. मला वाटायचं ह्यांना शिस्त नाही.

मग आमचे हे पेशंट झाले. सकाळी मी बाटलीत मोजून पाणी भरून ठेवायचे. लघवी जेवढी होते तेवढं अधिक अर्धा लिटर, असा साधारण नियम असतो. चहा, कढी, सूप, सगळं त्याच हिशेबात. बर्फ चघळला तर तोही हिशेबात, कारण बर्फ म्हणजे पाणीच. तरीही दर वेळी ह्यांचं वजन तीन किलो वर. एका रात्री मोरीत दिवा दिसला म्हणून गेले तर हे दात घासायच्या पेल्यातून पाणी पीत होते, चोरासारखे. मी खूप बोलले. हे शांतपणे म्हणाले, “तिकडे चार तास नर्स असते ना माझ्याजवळ. घरी तरी बायको असू दे.”

हिब्रूत नर्सला ‘आखोत’ म्हणतात आणि आखोतचा दुसरा अर्थ बहीण. त्या दिवसापासून रागावले की हे मला आखोत म्हणायचे. आमच्या लग्नाला तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. ते एकच नाव मला फार लागायचं.

डोळे उघडले ते वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ बाईंमुळे. रशियाहून आलेल्या, मोजकंच बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, “तुम्ही सारखं विचारता काय प्यालात. काय खाल्लंत ते विचारा.” मग त्यांनी सलाईनची एक लिटरची बाटली माझ्यासमोर धरली आणि त्यावरचा मजकूर वाचायला लावला. एक लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ. हजारो बाटल्या लावल्या असतील मी जन्मात आणि कधी असा विचार केला नव्हता.

रक्ताचा खारटपणा शरीर जवळजवळ एकाच मापावर ठेवतं. जादा मीठ पोटात गेलं की ते पातळ करायला पाणी लागतं, आणि मूत्रपिंडं नसली की ते मीठ बाहेर टाकायचा रस्ताच नाही. तेव्हा मेंदू तहान लावतो. ९ ग्रॅम मीठ खाल्लं की एक लिटर पाणी प्यावंच लागतं. माणूस कितीही शिस्तीचा असो, ती तहान शिस्तीची नाही. कोकणात पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर सकाळी मिठाला पाणी सुटलेलं असतं, आठवतं? हवेतलं पाणी ओढून घेतं ते. अंगातही त्याचा तोच स्वभाव. मी पाण्याच्या बाटलीवर पहारा ठेवून बसले होते आणि मिठाची बरणी माझ्याच हातात होती.

आणि मीठ फक्त मिठाच्या बरणीत नसतं. इथे इस्रायलमध्ये तर पावलोपावली आहे. ब्रेडमध्ये असतं. ऑलिव्ह, बादलीतल्या खारवलेल्या काकड्या, सूपची पावडर, हुमसचा डबा, टीव्हीसमोर बसून फोडायच्या खारट बिया, ज्यांना गरिनिम म्हणतात. उन्हाळ्यात कलिंगडाबरोबर खारं पांढरं चीज खायची इथली पद्धत तर डायलिसिसवाल्याच्या मुळावरच येते. चीजनं तहान लागते आणि कलिंगड म्हणजे निव्वळ पाणी, वर त्यात पोटॅशियम. आपल्याकडचं म्हणाल तर लोणचं, पापड, फरसाण. मुंबईहून कोणी आलं की पिशवीतून काय निघतं? माझ्या जावेच्या पिशवीतून तरी हेच निघायचं.

कोशेर मांसाचंही सांगितलं पाहिजे. रक्त काढण्यासाठी मांस आधी अर्धा तास पाण्यात, मग तासभर मिठात आणि मग तीनदा धुतात. माझी आई हे सगळं घरी करायची. इथे तयार मिळतं म्हणून आपण विसरतो. पण त्यातलं थोडं मीठ मांसात मुरतंच, साध्या मांसापेक्षा त्यात सोडियम जास्त असतं. डायलिसिसवाल्या घरात ते मांस पुन्हा पाण्यात भिजवावं, एक उकळी काढून ते पाणी फेकावं आणि शिजवताना वरून मीठ घालू नये. मी हे करायला लागले तेव्हा मुलगा म्हणाला, “आई, कालवणाला चव नाही.” महिन्याभरात त्याला सवय झाली. बाहेरचं जेवण त्यालाच खारट लागायला लागलं.

एक मात्र नक्की लक्षात ठेवा. दुकानात कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं त्यात बहुधा पोटॅशियम असतं. ते आपल्या पेशंटला चालत नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबू शकतं. त्यापेक्षा लिंबू, आलं, लसूण, कोथिंबीर, मिरी, जिरं.

आता पाण्याचा आणि रक्तवाहिन्यांचा संबंध. हा भाग आजी-आजोबांनी नातवंडांना वाचून दाखवावा.

मुलांनो, आमच्या शाळेच्या पुस्तकात रक्त हृदयाकडून बाहेर नेणाऱ्या नळीला रोहिणी म्हणत आणि परत आणणाऱ्या नळीला नीला. आम्हाला ती मुलींचीच नावं वाटायची. आता रोहिणीला धमनी म्हणतात. हृदय रक्त कसं ढकलतं? पिचकारीसारखं, धक्क्याधक्क्यानं. पण बोटांच्या टोकांना रक्त अखंड मिळत राहतं, ते कसं? एक फुगा घ्या. फुगवा आणि तोंड थोडंसंच सैल सोडा. तुम्ही फुंकायचं थांबवलंत तरी हवा बाहेर येतच राहते ना? फुग्याचं रबर ती ढकलत असतं. हृदयातून निघणारी मोठी धमनी अशीच आहे. ठोका पडला की ती फुगते आणि दोन ठोक्यांच्या मधे आकसून रक्त पुढे ढकलते. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूलाही जास्त करून त्या मधल्या वेळातच रक्त मिळतं. आता फुग्याच्या जागी काचेची बाटली असती तर?

डायलिसिसवाल्यांच्या धमन्या त्या बाटलीकडे जायला लागतात. चरबी साचून धमनी आतून अरुंद होते हे सगळ्यांना माहीत आहे. पण ह्यांना आणखी एक त्रास होतो. धमनीच्या भिंतीच्या मधल्या थरातच कॅल्शियम बसतं, जसं इथल्या कडक पाण्यानं किटलीला आतून थर येतो तसं. मूत्रपिंडं बंद पडल्यामुळे रक्तात फॉस्फेट साठतं, हे त्याचं एक मोठं कारण. वय आणि मधुमेह ही आणखी दोन. २०१० साली हे जिन्यात पडले आणि मनगटाचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. पण हाडाशेजारी रेल्वेच्या रुळांसारख्या दोन समांतर पांढऱ्या रेघा होत्या. एक्स-रेमध्ये रक्तवाहिनी दिसायला नको. डॉक्टर हाडाबद्दल बोलत होते आणि मी त्या रुळांकडे बघत उभी होते.

अशा ताठ धमन्यांमध्ये वरचं प्रेशर फार वर जातं आणि खालचं फार खाली येतं. अंगात पाणी जास्त असलं की हृदयाला त्या ताठ नळ्यांमध्ये जादा रक्त रेटावं लागतं, आणि त्याची भिंत जाड होते. मशीननं भराभर पाणी ओढलं की उलटं होतं. मशीन पाणी ओढतं ते फक्त रक्तातलं. पायातलं, पोटातलं पाणी सावकाश रक्तात झिरपत यावं लागतं. ओढणं जास्त आणि झिरपणं कमी झालं की रक्तवाहिन्या रिकाम्या पडतात. लवचिक नळ्या आकसून सांभाळून घेतात, ताठ नळ्यांना ते जमत नाही. मग पोटरीत गोळे येतात, जांभया येतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि प्रेशर पडतं. जांभई आली की आम्ही नर्सा धावत जायचो.

म्हणून तासाला किती ओढायचं ह्यालाही मर्यादा आहे. वजनाच्या दर किलोमागे तासाला १३ मिलिलिटरच्या वर गेलं तर मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं, हे २०११ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात प्रसिद्ध झालं. ६० किलोच्या माणसाला चार तासांत हे तीन लिटरच्या थोडं वर जातं. त्याहून जास्त जमलं असेल तर वेळ वाढवायचा, ओढायचा वेग नाही.

आणि इथे आमची चूक.

इस्रायलमध्ये डायलिसिसच्या दोन पाळ्या असतात. रविवार-मंगळवार-गुरुवार, नाहीतर सोमवार-बुधवार-शुक्रवार. कुठलीही घ्या, लांबची सुट्टी शब्बाताच्या भोवतीच पडते. दोन दिवसांच्या ह्या खंडानंतर मृत्यूचं आणि इस्पितळात दाखल व्हायचं प्रमाण जास्त असतं, हेही २०११ सालीच सुमारे ३२ हजार पेशंटांच्या पाहणीत दिसलं. आणि शब्बात म्हणजे आपल्या घरी जेवणाचा दिवस.

२०१२ सालच्या उन्हाळ्यात ह्यांच्या पुतणीचं लग्न होतं. शब्बात उतरल्यावर शनिवारी रात्री मेंदी आणि रविवारी संध्याकाळी लोदला लग्न. ह्यांचं डायलिसिस गुरुवारी झालेलं, पुढचं रविवारी दुपारी. मेंदीला सगळं होतं. तळलेली मासळी, मटण, पुऱ्या, मुंबईहून आलेलं कैरीचं लोणचं. हे मेंदीची गाणी म्हणत टाळ्या वाजवत होते, कित्येक वर्षांत असे हसले नव्हते. मी बघत होते लोणच्याची फोड दुसऱ्यांदा ताटात पडताना. म्हटलं, असू दे, आज आखोत नको.

रविवारी काट्यावर ४ किलो ८०० जास्त. कोरडं वजन ६४. पाळीवरच्या नर्सनं, माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी, बरोबर सांगितलं, “पाच तास बसा. नाहीतर आज तीन लिटर काढू आणि उरलेलं उद्या या काढायला.” हे म्हणाले, सातला लग्न आहे. तिनं माझ्याकडे बघितलं. मला आकडेमोड येत होती. तासाला १२०० मिलिलिटर, म्हणजे किलोमागे जवळजवळ १९. मी म्हणाले, “चार तासांतच काढा, आम्ही नेहमी सहन करतो.”

आम्ही म्हणे. सहन करणारे हे, आणि बोलले मी.

तिसऱ्या तासाला हे जांभया द्यायला लागले. मी उठेपर्यंत मान कलली. वरचं प्रेशर ६८. खुर्ची आडवी केली, पाय वर केले, ओढणं बंद केलं आणि सलाईन सोडलं. म्हणजे तेच मिठाचं पाणी परत शिरेत. दहा मिनिटांनी डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, “किती वाजले?” लग्नाला आम्ही गेलो नाही.

रात्री घरी आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डायलिसिसच्या सुयांसाठी हातात फिस्टुला करतात. मनगटातली धमनी शेजारच्या शिरेला शिवून जोडतात, की धमनीचं जोरदार रक्त शिरेत शिरून ती जाड आणि मोठी होते. १९६६ साली न्यूयॉर्कच्या ब्रेशिया आणि चिमिनो ह्या डॉक्टरांनी ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही तीच सगळ्यांत चांगली. त्याआधी १९६० पासून सिएटलच्या डॉक्टर स्क्रिबनरांची टेफ्लॉनची नळी हाताबाहेर लोंबत असायची. त्यांचा पहिला पेशंट त्या नळीच्या आधाराने अकरा वर्षं जगला. फिस्टुला चालू असेल तर त्यावर बोट ठेवलं की झणझण जाणवते, मांजर घुरघुरावं तशी. कान लावला की वारं वाहतं तसा आवाज येतो. रोज रात्री झोपताना मी ह्यांच्या डाव्या मनगटाला कान लावायचे. चार वर्षांची सवय. भांडण झालं असलं तरी कान लावायचेच, आणि मग भांडण फार टिकायचं नाही.

त्या रात्री कान लावला आणि काही नव्हतं.

दुसरा कान लावला. बोट ठेवलं. दिवा लावला. प्रेशर इतकं खाली गेलं की फिस्टुलातलं रक्त मंदावतं आणि गोठतं. हे मी विद्यार्थिनींना शिकवलेलं होतं. त्या क्षणी मात्र मी नुसती हात धरून बसले. हे म्हणाले, “बंद झाला ना?” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “लग्न तरी चांगलं झालं म्हणतात.”

सकाळी गाठ काढायचा प्रयत्न झाला, पण नळी आतून अरुंद झालेली, तो टिकला नाही. मानेत कॅथेटर घातलं. उजव्या हाताच्या वरच्या भागात नवा फिस्टुला केला, तो पिकेपर्यंत कॅथेटरवरच डायलिसिस. त्यात दोनदा ताप भरला, एकदा रक्तात जंतू गेले आणि बारा दिवस इस्पितळात काढले. एका लोणच्यापायी असं मी म्हणत नाही. ताठ धमन्या होत्या, मधुमेह होता, उन्हाळा होता. पण त्या दुपारी “पाच तास बसू” म्हणायला मला एक मिनिट लागलं असतं.

त्यानंतर आमच्या घरी नियम बदलला. पाण्यावरचा पहारा मी उठवला. बाटली ह्यांच्या ताब्यात दिली आणि मिठाचं सगळं मी माझ्याकडे घेतलं. तीन आठवड्यांत तहान उतरली. दोन डायलिसिसच्या मधलं वजन तीनवरून दोनच्या आसपास आलं, आणि मोरीतला दिवा पुन्हा रात्री दिसला नाही. फ्रान्समध्ये तासाँ नावाच्या गावी डॉक्टर शारा आणि त्यांचे सहकारी आठ-आठ तासांचं सावकाश डायलिसिस आणि कमी मीठ ह्यावरच प्रेशर काबूत ठेवत, त्यांच्या बहुतेक पेशंटांच्या प्रेशरच्या गोळ्या सुटल्या होत्या. आम्हाला आठ तास कोण देणार? पण साडेचार मिळाले, मागितल्यावर मिळाले. आमच्याही दोन गोळ्या सुटल्या.

फॉस्फेटचं थोडक्यात सांगते. कोला, सॉसेज, डब्यातलं मांस आणि प्रक्रिया केलेलं चीज ह्यांत जे फॉस्फेट वरून घातलेलं असतं ते घरच्या डाळ-मासळीतल्या फॉस्फेटपेक्षा जास्त प्रमाणात अंगात शोषलं जातं. चार तासांच्या मशीननं ते पुरेसं निघत नाही. त्यासाठी गोळ्या देतात. त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या, पहिल्या-दुसऱ्या घासाला. जेवण झाल्यावर तासाभरानं आठवण झाली म्हणून घेतलेली गोळी काय पकडणार? ह्यांच्या खिशात एक लहान डबी असायची. पाहुण्यांना ती सुपारीची डबी वाटायची.

आणि कोरडं वजन जन्मभर तेच राहत नाही, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. २०१६ च्या थंडीत ह्यांना फ्लू झाला. तीन आठवडे पेज सोडून काही खाल्लं नाही. काटा मात्र रोजच्यासारखाच, सगळे खूश. मग रात्री उताणं झोपवेना, दोन उशांच्या तीन झाल्या. अंगावरचं मांस गेलं होतं आणि त्याची जागा पाण्यानं घेतली होती, तेवढ्याच किलोंची. मी डॉक्टरांना उशांचा आकडा सांगितला आणि त्यांनी कोरडं वजन दीड किलोनं खाली आणलं. उशा परत दोन झाल्या. म्हणून काट्याबरोबर उशा मोजा, घोट्यावर अंगठा दाबून खड्डा राहतो का बघा, कमरपट्टा सैल झाला का बघा. उलट कोणी जेवायला लागलं, अंग भरलं, तर वजन वर न्यावं लागतं. नाहीतर नको इतकं पाणी ओढलं जातं आणि पुन्हा तेच गोळे, तेच प्रेशर, तोच फिस्टुला.

तहानेसाठी काय करायचे तेही विचारलं होतं. चूळ भरायची आणि थुंकायची. लिंबाची फोड चोखायची. बिनसाखरेचं च्युइंगम. लहान पेला, मोठा ग्लास कपाटात. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणा, साखर वाढली की तहान लागतेच. ह्यांना द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवून चार-पाच द्यायचे, मोजून. बाकी हात कसा जपायचा ते नर्स सांगतीलच. फिस्टुलाच्या हाताचं प्रेशर घेऊ द्यायचं नाही, त्यातून रक्त काढू द्यायचं नाही, घड्याळ किंवा घट्ट बांगडी नको, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.

योम किप्पूरबद्दलही एकीनं विचारलं. ह्यांना उपास करायचाच होता. आमच्या रब्बींनी साफ सांगितलं की जिवाला धोका असेल तर खाणं हीच मित्स्वा. हे सिनेगॉगमधून परत येताना म्हणाले, “लोकांना वर्षातून एक दिवस पाणी नाही. मला देवानं रोजच ठेवलाय.” आणि मग एवढ्याशा पेल्यातलं पाणी इतकं सावकाश प्याले की मी बघतच राहिले.

ज्यांनी फोन केला त्यातल्या एक बाई बेरशेबालाच, माझ्यापासून दोन बस-थांब्यांवर राहतात. त्यांच्या नवऱ्याचा फिस्टुला दीड महिन्यापूर्वी झाला आहे, अजून सुया लागलेल्या नाहीत. कान कसा लावायचा ते दाखवायला मी येत्या रविवारी जाणार आहे. जेवायलाच या म्हणाल्या, काय करू विचारत होत्या. मी म्हटलं, भात आणि मासळीचं कालवण करा. मीठ मी आल्यावर घालीन.